सात दारांचे गहू

"अहो, परवा सकाळी तुम्हाला भीक मागायला जायचंय," सुनैना देवी म्हणाल्या. गॅसचं सिलिंडर संपलंय हे सांगताना बायका जो सूर लावतात, अगदी तोच सूर.

त्रिवेणी बाबू दाढी करत होते. गालाला साबण, हातात वस्तरा. त्यांनी आरशातूनच बायकोकडे पाहिलं. "काय मागायला?"

"भीक. गव्हाची. छठी मैयाच्या नावानं. चैतात तुम्ही पाटण्याच्या दवाखान्यात नाकात नळ्या घालून पडला होतात ना, तेव्हा बोलले होते मी. म्हटलं, हा माणूस आपल्या पायांनी घरी आला तर यंदा माझ्या सुपातला नैवेद्याचा ठेकुआ यानं मागून आणलेल्या गव्हाचा असेल. आपल्या गल्लीतल्या सातही घरांतून."

"तू बोललीस ना? मग तूच माग."

"मी मागितलं तर मैया विचारेल, आजारी तू होतीस का?"

वस्तरा हनुवटीला लागला. त्रिवेणी बाबूंनी तुरटी फिरवली, टॉवेल फेकला आणि तो दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. सुनैना देवींनी त्या अबोल्याकडे काडीचं लक्ष दिलं नाही. सणाच्या दिवसात तेवढीच शांतता.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? हाजीपुरात छठच्या व्रतासाठी भीक मागणं काही नवलाचं नाही. नवस बोलला की लखपतीसुद्धा अनवाणी दारोदार फिरतो, आणि ज्याच्या दारी तो येतो त्याला वाटतं, आपलं भाग्य उजळलं. मागच्या साली बँकेच्या मॅनेजरनं मागितली. त्याच्या आदल्या साली वकीलसाहेबांनी मागितली, तीही काळा कोट घालून, कोर्टाला उशीर होत होता म्हणून. पण मॅनेजर वेगळा, वकील वेगळा आणि दारोगा त्रिवेणी प्रसाद वेगळे.

छत्तीस वर्षं पोलिसात काढून या माणसानं कुणाचा चहाचा कप ओठाला लावला नव्हता. खोटं नाही सांगत. लग्नाला जायचे, पाकीट द्यायचे, वरवधूच्या डोक्यावर अक्षता टाकायचे आणि पंगत बसायच्या आत घरी. समोरचा किराणावाला भगेलू साह दर दिवाळीला मिठाईचा डबा पाठवायचा, तो दर दिवाळीला जसाच्या तसा परत जायचा. "मिंधेपणा नको" हे त्यांचं पेटंट वाक्य. स्वतः द्यायला मात्र भारी हौस. कुणाच्या पोराची फी भर, कुणाला घोंगडी दे, कुणाच्या म्हातारीला रिक्षात घालून दवाखान्यात ने. घ्यायची वेळ आली की अंगावर पाल पडल्यासारखं करायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तेच. खरं सांगायचं तर गल्लीला त्यांचा अभिमान होता आणि तितकाच कंटाळाही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हातगाडी उभी राहिली. तिच्यावर गव्हाचं पोतं, पन्नास किलोचं.

"एक नंबर माल आहे," त्रिवेणी बाबू म्हणाले. "दाणा बघ कसा टपोरा! मैयालासुद्धा असला गहू कुणी दिला नसेल."

सुनैना देवींनी दाणा हातात घेऊन पाहिला, मान डोलावली आणि हमालाला म्हणाल्या, "कोठीच्या खोलीत ठेव रे बाबा. वर्षाच्या रोट्यांची सोय झाली." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही उद्या लवकर उठा. उद्या नहाय-खाय, व्रताचा पहिला दिवस. गहू सकाळी आले तर धुऊन वाळतील, नाहीतर ऊन निघून जाईल."

नहाय-खायच्या सकाळी सुनैना देवी गंडकी नदीवर बुडी मारून आल्या तेव्हा त्रिवेणी बाबू अंघोळ करून तयार होते. तयार म्हणजे पँट, शर्ट आणि बूट. बाईंनी न बोलता कोरं धोतर, खांद्यावरचा गमछा आणि बांबूचं नवं सूप पुढे केलं. मग बुटांकडे बोट दाखवलं. छत्तीस वर्षं चोर-दरोडेखोरांना न घाबरलेला माणूस त्या बोटाला घाबरून वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.

घराबाहेर पडले ते मात्र मागच्या दारानं. सूप पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत गेले. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. सात घरं म्हणजे सात घरं, गल्ली कुठली हे मैया कशाला तपासत बसतेय, असा पोलिसी हिशेब.

एक निळं दार पाहून उभे राहिले. सूप पुढे धरायला गेले तर हात जड. घसा साफ केला. परत केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा आतून एक बाई हात पुसत आली. "मीटर बघायला आलात का? ते मागच्या बाजूला आहे."

आणि काय सांगावं, हा माणूस मुकाट्यानं मागच्या बाजूला गेला, डोळे बारीक करून मीटर पाहिलं, "पाचशे बारा" असं मोठ्यानं म्हणाला आणि झपाझप चालायला लागला. मागून ती बाई ओरडत होती, "अहो, अनवाणी कसे आलात?" त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

साडेआठला घरी पोचले. जिना चढून गच्चीवर गेले. सुनैना देवींनी पहाटेच गच्ची धुऊन काढली होती. बाज मांडली होती, तिच्यावर धुतलेली चादर ताणून चारी टोकं बांधली होती. चिमण्यांना हाकलायला हातात काठी घेऊन बाई बसल्या होत्या. चादरीवर एक दाणा नव्हता. चिमण्या कठड्यावर बसून वाट बघत होत्या, बाई बाजेपाशी बसून वाट बघत होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. गहू उन्हाला पडले की मग चूल, मग दुधी-भात, असा त्यांचा नेम.

त्रिवेणी बाबूंनी रिकामं सूप खाली ठेवलं. "नाही जमत गं. तोंडातून शब्द निघत नाही. दुसरं काहीही सांग. गुडघ्यावर घाटापर्यंत जातो."

त्यांना वाटलं, आता तोफ सुटणार. पण सुनैना देवींनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"नका जाऊ," त्या म्हणाल्या. "मी उपास धरीन. पाण्यात उभी राहीन. सूर्यापुढे सूप मात्र रिकामं धरीन."

"असं कसं? एकतीस वर्षं छठ करतेस, कधी..."

"एकतीस वर्षांत कधी बोललेलं मोडलं नव्हतं. सगळा घाट बघेल, बघू दे. बोललेलं मोडून भरलेलं सूप कुठल्या तोंडानं वर करू?" त्यांनी काठी बाजूला ठेवली. "आणि एक सांगू? नऊ दिवस मी त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून होते. डॉक्टरपुढे हात जोडले, झाडूवाल्यापुढे जोडले. रक्त हवं म्हणाले तेव्हा खाली चहाच्या टपरीवर पोरं उभी होती, ओळख ना पाळख, त्यांच्यापुढे पदर पसरला. चौघं आली. त्यातल्या एकानं नावसुद्धा सांगितलं नाही. तुमच्या अंगात चार बाटल्या परक्यांचं रक्त फिरतंय आणि तुम्ही मला सांगताय मिंधेपणा नको!"

त्रिवेणी बाबूंना रक्ताचं काही माहीत नव्हतं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, कोपराच्या खाली जिथं सुई होती तिथं. त्यांना एकदम रडू यायला लागलं आणि तेही त्यांना जमेना, म्हणून त्यांनी नाक शिंकरलं.

"वाजले किती?" त्यांनी विचारलं.

"नऊला पाच कमी."

सूप उचलून ते खाली उतरले आणि या वेळी पुढच्या दारानं बाहेर पडले.

बाहेर येऊन बघतात तर काय, सगळी गल्ली दारात. सुनैना देवींनी चार बायकांना चार दिवसांपूर्वीच सांगून ठेवलेलं, आणि चार बायकांना सांगितलं म्हणजे हाजीपूरला सांगितलं. कुणाच्या हातात पितळी, कुणाच्या हातात टोपली, सगळ्यांत निवडलेले गहू. सकाळपासून तिष्ठत उभे होते बिचारे.

पहिलं घर भगेलू साहचं. त्रिवेणी बाबूंनी सूप पुढे केलं आणि नजर जमिनीत घातली. भगेलू परात घेऊन तसाच उभा.

"घाल की," त्रिवेणी बाबू पुटपुटले.

"मागा की, दारोगाजी! न मागता कसं घालू? मग ती भीक कसली, ती तर भेट झाली. आणि भेट तुम्ही घेत नाही, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे."

गल्लीत खसखस पिकली. त्रिवेणी बाबूंच्या कपाळावर घाम फुटला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि छत्तीस वर्षांची सवय ती, आवाज निघाला तो थेट ठाण्यातला:

"गहू काढा!"

समोरच्या गाईनं दचकून मान वर केली. भगेलूच्या हातातली परात हिंदकळली. मग जे हसू फुटलं गल्लीत, विचारू नका. मास्तरीणबाई तर उंबऱ्यावरच बसल्या पोट धरून. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या दोन पोरी कठड्यावरून ओरडल्या, "काका, ही भीक नाही, हा छापा आहे!"

आणि गंमत म्हणजे त्रिवेणी बाबूंनाही हसू आलं. आधी ओठांच्या कोपऱ्यात, मग खांदे हलायला लागले. त्यांनी डोळे पुसले आणि सूप दोन्ही हातांनी वर धरलं.

"भगेलू, छठी मैयाच्या नावानं भीक दे बाबा. सुनैनाच्या सुपासाठी."

भगेलूनं परात रिती केली. मग वाकून त्रिवेणी बाबूंचे पाय धरले आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा रडका झालेला. "बावीस दिवाळ्या डबा परत येतोय," तो म्हणाला. "बायको म्हणायची, आपल्या हाताला काही घाण लागलीय का? आज रिकामी परात घेऊन घरात जातोय. तिला दाखवतो."

भगेलूच्या बायकोच्या मनात असलं काही असेल हे त्रिवेणी बाबूंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. डबा परत पाठवताना आपण फार सरळ वागतोय, एवढंच ते धरून चालले होते.

पुढची घरं भराभर झाली. मास्तरीणबाईंनी दोनदा मागायला लावलं, पहिल्या वेळी ऐकू आलं नाही म्हणे. साफ खोटं! निवृत्त नर्सबाईंनी गव्हावर गुळाची ढेप ठेवली. कॉलेजच्या पोरींनी सीतामढीहून आईनं पाठवलेले गहू ओंजळीनं घातले आणि काकांबरोबर फोटो काढून घेतला. काकांनी काढू दिला, वर विचारलं, "सूप दिसतंय ना नीट?" केळ्यांच्या वखारीवाल्यानं घड देऊ केला, तर म्हणाले, "घाटावर जायच्या दिवशी दे, आज नेताना मोडेल." म्हणजे बघा, भिकाऱ्याला आता घाईसुद्धा नव्हती. सहाव्या दाराशी तर त्यांनी असा खणखणीत सूर लावला की पलीकडच्या गल्लीतली दोन माणसं धान्य घेऊन धावत आली. त्यांना परत पाठवावं लागलं.

सातवं घर गल्लीच्या टोकाला. बतसिया काकीचं. दार बंद.

दारापुढे काकीची भट्टी होती, चणे-मुरमुरे भाजायची. तीही थंड. त्रिवेणी बाबू भट्टीपाशी थबकले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. मागून येणारी वरातही गप्प झाली. कारण बतसिया काकी सोळा वर्षं त्यांच्याशी बोलली नव्हती, आणि का बोलली नव्हती हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सोळा वर्षांपूर्वी सोनपूरच्या जत्रेत काकीची नात हरवली होती, मुनिया, पाच वर्षांची. त्रिवेणी बाबूंनी दोन दिवस, दोन रात्री पाठ टेकली नाही. हत्तीबाजार पालथा घातला, नावा थांबवल्या, आणि तिसऱ्या सकाळी पोरगी काकीच्या कुशीत आणून टाकली. चार दिवसांनी काकी ठाण्यात आली. पदराखाली एक दुधी, तिच्या छपरावरच्या वेलाचा. त्रिवेणी बाबूंच्या टेबलावर ठेवला. तेव्हा साहेब तपासणीला आलेले, सगळं ठाणं हजर. त्रिवेणी बाबू ताडकन उठले आणि ओरडले, "काकी, लाच देतेस मला? उचल ते!" काकीनं दुधी उचलला. हा किस्सा त्रिवेणी बाबू नंतर कितीदा तरी मोठ्या अभिमानानं सांगायचे. अलीकडे सांगेनासे झाले होते.

"काका, सहा झाली की," एक पोरगी हळूच म्हणाली. "मैया समजून घेईल."

त्रिवेणी बाबूंनी मान हलवली. वर गच्चीच्या कठड्याशी सुनैना देवी उभ्या होत्या. हाक नाही, खूण नाही, नुसत्या उभ्या. त्रिवेणी बाबूंनी दाराची कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी, काकी. त्रिवेणी."

"दारोगाबाबू का? काय काम काढलंत?"

"भीक मागायला आलोय."

मग पाट सरकल्याचा आवाज, मग पावलं, अगदी सावकाश. दार उघडलं. बतसिया काकी कमरेत वाकली होती, पण मान वर काढून बघायची ढब तीच. हातात मडकं. मडक्यात गहू. धुऊन, वाळवून ठेवलेले.

"सकाळपासून भरून बसलेय," काकी म्हणाली. "दार मुद्दाम लावलं. म्हटलं बघू, वाजवतो की पुढे जातो." मग मडक्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "ही लाच तर नाही ना, बाबू? नाहीतर ओरडाल माझ्यावर. आज तर सगळी गल्ली हजर आहे."

कुणी हसलं नाही. त्रिवेणी बाबूंचे कान लाल झाले.

"चुकलो, काकी," ते म्हणाले. "साहेब बसले होते. मला वाटलं, मी किती स्वच्छ ते त्यांना दिसू दे. तुमच्याकडे पाहिलंच नाही मी."

"त्याचं नाही हो वाईट वाटत. ओरडणं काय, पोलीस ओरडतातच." काकीनं मडकं पोटाशी धरलं. "माझं काळीज हरवलं होतं, ते तुम्ही आणून दिलंत. आणि मला एक दुधी देऊ दिला नाहीत. सोळा वर्षं मी तुमच्या दारावरून मान खाली घालून जाते. तुम्हाला वाटतं, म्हातारी रागावलीय. मी मिंधी आहे, बाबू. तुम्ही मला मिंधी करून ठेवलंत. मुनिया लग्न होऊन समस्तीपूरला गेली, तिला मूल झालं, आणि मी अजून मिंधीच."

त्रिवेणी बाबू ऐकत उभे राहिले. हा शब्द त्यांनी आयुष्यभर वापरला होता, आणि दर वेळी स्वतःला वाचवायला. दुसऱ्याच्या बाजूनं तो कसा लागतो हे त्यांना आज कळत होतं. ते उंबऱ्यापुढे गुडघ्यांवर बसले, त्या वयात गुडघे कुरकुरले तरी बसले, आणि त्यांनी सूप वर केलं.

"काकी, छठी मैयाच्या नावानं भीक द्या."

बतसिया काकीनं मडक्यात हात घातला. मूठ भरून सुपात सोडली, मग दुसरी, मग मडकंच उपडं केलं. गहू सुपाच्या काठावरून सांडायला आले. मास्तरीणबाई पुढे झाल्या. "द्या इकडे, मी वर पोचवते. ऊन चढलंय." त्या सूप घेऊन गेल्यासुद्धा, आणि गच्चीवर सुनैना देवींची लगबग सुरू झाली. चिमण्यांवर काठी आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला.

नवस फिटला होता. गल्ली पांगायला लागली. त्रिवेणी बाबू मात्र उठले नाहीत.

"उठा की," काकी म्हणाली. "झालं सगळं. सातही घरं झाली."

"ते मैयाचं झालं." त्यांनी खांद्यावरचा गमछा काढला, झटकला आणि दोन्ही हातांवर पसरून काकीपुढे धरला. "आता मला काहीतरी द्या. माझ्यासाठी मागतोय."

काकीनं पदरानं तोंड पुसलं, आत डोकावली, परत बाहेर आली.

"कालचे चणे आहेत, पण मऊ पडलेत," ती म्हणाली. "बसा जरा. भट्टी पेटवते."

आणि दारोगा त्रिवेणी बाबू उंबऱ्यावर टेकून, गमछा तसाच धरून, बसले.